परमुलखातील बिऱ्हाड

आपला गाव सोडून दुसऱ्या गावी राहावयास जाणे ही गोष्ट मनुष्यजातीला नवी नाही. पाऊस दगा देतो, जमीन अपुरी पडू लागते, आणि माणसे गाठोडी बांधतात. परंतु गाव सोडणे वेगळे आणि देश सोडणे वेगळे. गाव सोडणाऱ्याची भाषा नव्या गावीही चालते. देश सोडणाऱ्याची भाषा त्याच्याबरोबर येते खरी, पण बंदरावर पाय ठेवताच ती मुकी होते. म्हणून परदेशात कायमचे बिऱ्हाड करावे की न करावे, हा प्रश्न ज्या कुटुंबापुढे उभा राहतो, त्याला दहा वेळा विचार करावा लागतो. कोरिया देशातील लोक गेली सव्वाशे वर्षे हा विचार करीत आले आहेत. त्यांच्यापैकी जे अमेरिकेत गेले, त्यांना तेथे काय मिळाले आणि काय गमवावे लागले, याचा जमाखर्च आपण या पाठात पाहू.

आशिया खंडाच्या पूर्व टोकाला समुद्रात घुसलेले एक द्वीपकल्प आहे. तोच कोरिया देश होय. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे राजसत्ता दुबळी झाली होती, अवर्षणाने धान्य महागले होते आणि शेजारच्या जपानची नजर त्या भूमीवर होती. त्याच वेळी पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर उसाचे मोठमोठे मळे होते व मळेवाल्यांना मजूर हवे होते. त्यांच्या दलालांनी कोरियात जाहिराती लावल्या. हवा सौम्य, घर फुकट, औषधपाणी फुकट आणि महिन्याला सुमारे १६ डॉलर पगार! उपाशी माणसाला असली जाहिरात कशी वाटली असेल, हे निराळे सांगावयास नको.

२२ डिसेंबर १९०२ रोजी इंचॉन बंदरातून १२१ माणसे निघाली. वाटेत जपानच्या बंदरात त्यांची वैद्यकीय तपासणी झाली. तीत काही नापास झाली आणि उरलेली १०२ माणसे घेऊन ‘गेलिक’ नावाची आगबोट १३ जानेवारी १९०३ रोजी होनोलुलूला पोहोचली. यात खरे शेतकरी थोडेच होते. शहरांतील मजूर होते, सैन्यातून कमी झालेले शिपाई होते, इंचॉनच्या ख्रिस्ती देवळात जाणारी कुटुंबे होती. ज्यांनी जन्मात विळा धरला नव्हता, त्यांना दिवसाचे दहा तास ऊस तोडावयाचा होता. उसाच्या पात्याची धार कशी असते, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांना ठाऊक आहे. मुकादम घोड्यावर बसून देखरेख करी आणि प्रत्येक मजुराच्या गळ्यात धातूचा एक बिल्ला असे. त्या बिल्ल्यावर नाव नसे, केवळ आकडा असे. पगार घेताना तोच आकडा, दुकानातून उधार आणताना तोच आकडा. घरी ज्याला वडिलधारे म्हणून मान होता, तो मळ्यावर एक क्रमांक झाला.

१९०५ पर्यंत सात हजारांवर कोरियन लोक हवाईला गेले. मग ही वाट बंद झाली. पाच वर्षांनी, १९१० मध्ये, जपानने कोरिया गिळंकृत केला. आता या लोकांची स्थिती मोठी विलक्षण झाली. परत जावे तर जाण्यास स्वतःचा देश उरला नाही. राहावे तर अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे आशियातून आलेल्या माणसाला त्या देशाचे नागरिक होता येत नव्हते. कॅलिफोर्निया राज्याने तर १९१३ साली कायदा करून अशा लोकांना शेतजमीन विकत घेण्याचीही बंदी केली. मनुष्याने वीस वर्षे त्या मातीत राबावे आणि त्या मातीचा एक तुकडाही आपल्या नावावर करता येऊ नये, हा न्याय म्हणावा काय?

त्याच १९१३ सालची एक हकीकत आहे. कॅलिफोर्नियातील हेमेट या गावी काही कोरियन मजूर फळे तोडण्याच्या कामासाठी गेले. गावातील गोऱ्या लोकांनी त्यांना जपानी समजून स्टेशनावरूनच हाकलून दिले. ही बातमी ऐकून जपानचा वकील त्यांच्या मदतीला सरसावला व नुकसानभरपाई मागू लागला. वास्तविक भरपाई मिळाली असती, तर ती त्या गरिबांना हवीच होती. परंतु तेथील कोरियन राष्ट्रीय संघटनेने अमेरिकन सरकारला कळविले, की आम्ही जपानची प्रजा नव्हे. आमच्या वतीने जपानने बोलू नये. सरकारने ते मान्य केले. ज्यांच्याजवळ देश नव्हता, जमीन नव्हती, नागरिकत्व नव्हते, त्यांनी भरपाईचे पैसे नाकारून आपले नाव राखले. त्या काळच्या जमाखर्चात जमेच्या बाजूला फार थोडे आहे. ही एक रक्कम मात्र तेथे मला ठळक अक्षरांत दिसते.

हवाईला गेलेल्यांमध्ये स्त्रिया दहांत एकीहून अधिक नव्हत्या. पुरुष एकटे राहून वयस्कर होऊ लागले. तेव्हा फोटो पाठवून लग्ने जुळविण्याची रीत सुरू झाली. वराचा फोटो कोरियात जाई, वधूचा फोटो हवाईला येई, आणि मुलगी एकटीच समुद्र ओलांडून निघे. पुष्कळ वेळा वराने दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो पाठविलेला असे. धक्क्यावर उतरून पाहावे, तो समोर उन्हाने रापलेला, केस पिकलेला गृहस्थ उभा! काहींनी तेथेच रडावयास सुरुवात केली. पण परत फिरणाऱ्या थोड्याच. १९१० पासून १९२४ पर्यंत अशा शेकडो मुली तेथे गेल्या. त्यांनी कपडे धुतले, शिवणकाम केले, एकट्या मजुरांसाठी खाणावळी चालविल्या, आणि मिळालेल्या पैशांतून दोन गोष्टींसाठी रक्कम बाजूला काढली: एक मुलांची शाळा आणि दुसरी कोरियाचे स्वातंत्र्य. मळ्यावरून शहरात जाण्याचा आग्रह बहुधा त्यांचाच असे. कारण चांगल्या शाळा शहरात होत्या. १९२४ साली अमेरिकेने आशियातील लोकांना दरवाजा जवळजवळ बंदच केला आणि ही वाटही संपली.

मुले मात्र तेथे जन्मल्यामुळे जन्मतःच अमेरिकन नागरिक होती. म्हणून त्यांचे सारे सुरळीत झाले असेल, असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. सॅमी ली यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९२० साली कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे झाला. आईबाप कोरियातून आलेले, छोटे दुकान चालविणारे. मुलाला पाण्यात सूर मारण्याचा नाद लागला. परंतु पॅसाडिना येथील सार्वजनिक तलावात गोऱ्या नसलेल्या मुलांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता. उरलेल्या दिवशी काय करावे? त्यांच्या शिक्षकाने आपल्या अंगणात वाळूचा खड्डा खणला आणि सॅमी त्या वाळूत उड्या मारून सराव करू लागले. वडिलांचा हट्ट होता, की मुलाने डॉक्टर व्हावे. तेही त्यांनी पुरे केले. पुढे १९४८ साली लंडनला आणि १९५२ साली हेलसिंकीला, अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत उंच फलाटावरून सूर मारण्याच्या प्रकारात त्यांनी अमेरिकेसाठी सुवर्णपदक मिळविले. (हेलसिंकीच्या त्याच स्पर्धेत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले होते, हे तुम्हांस माहीत असेलच.)

आणि एवढे झाल्यावर १९५५ साली हे डॉक्टर, सैन्यात सेवा करून आलेले, दोन सुवर्णपदकांचे मानकरी, कॅलिफोर्नियातच एक घर विकत घेण्यास गेले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की तुमच्या वंशाच्या माणसाला आम्ही येथे घर विकू शकत नाही! वृत्तपत्रांत हा प्रकार गाजला आणि पुढे त्यांना घर मिळाले. पण ज्यांच्या गळ्यात पदक नव्हते, त्यांच्याविषयी वृत्तपत्रांनी काय लिहिले असते?

१९६५ साली अमेरिकेने आपला कायदा बदलला आणि आशियातील लोकांसाठी दार उघडले. त्यावेळचा दक्षिण कोरिया हा १९५० ते १९५३ या युद्धाने होरपळलेला, गरीब आणि लष्करी सत्तेखाली असलेला देश होता. या खेपेस निघाले ते मजूर नव्हते. शिक्षक, परिचारिका, औषधे बनविणारे, अभियंते, पदवीधर, अशी ही मंडळी होती. त्यांच्या मनात हिशेब स्पष्ट होता: तेथे पगार जास्त, तेथे मुलांना शाळा-कॉलेजे मोकळी, तेथे पुन्हा युद्धाची भीती नाही. हिशेबात एक गोष्ट मात्र त्यांनी कमी धरली होती. ती म्हणजे इंग्रजी भाषा. सोलमध्ये वर्गापुढे उभा राहून व्याख्यान देणारा मनुष्य लॉस एंजलिसमध्ये साधा पत्ता विचारताना अडखळू लागला. त्याची पदवी तेथे पुष्कळदा मान्य होईना. नोकरी मिळेना. मग त्याने दुकान काढले. किराणा, भाजीपाला, कपडे धुण्याची लॉंड्री, केसांचे टोप विकण्याचे दुकान, असे जे जमेल ते. सकाळी सहाला कुलूप उघडावे आणि रात्री दहाला लावावे. पतिपत्नी दोघेही गल्ल्यामागे आणि मूल पोत्यांच्या आडोशाला बसून गृहपाठ करीत आहे, हे दृश्य तेथे घरोघर दिसे.

भांडवल कोठून आले, असे तुम्ही विचाराल. कोरियन लोकांत ‘क्ये’ नावाची जुनी पद्धत आहे. दहा-वीस ओळखीची कुटुंबे एकत्र येतात, दर महिन्यास ठरावीक रक्कम गोळा करतात आणि ती पाळीपाळीने एकेकास देतात. आपल्याकडे जिला भिशी म्हणतात, तीच ही. कागद नाही, तारण नाही, केवळ शब्दावर विश्वास. परक्या मुलखात ज्याला बँक ओळखत नव्हती, त्याला आपली माणसे ओळखत होती. क्वचित एखादा आपली पाळी येताच रक्कम घेऊन पसार होई, नाही असे नाही. तेव्हा दहा घरे एकदम बसत. तरीही लॉस एंजलिसमधील ऑलिंपिक मार्गाच्या दोन्ही अंगांना कोरियन पाट्यांची जी दुकानांची वस्ती उभी राहिली, तिच्या पायात या भिशीचा पैसा बराच आहे. या वस्तीला तेथे ‘कोरियाटाउन’ असे म्हणतात.

आता घरात डोकावून पाहू. आईबापांना इंग्रजी येत नाही, मुलांना शाळेमुळे भराभर येते. टेलिफोनचे बिल चुकीचे आले, की दहा वर्षांचा मुलगा कंपनीशी बोलणार. आईला दवाखान्यात न्यावयाचे, तर डॉक्टरांचे बोलणे मुलगीच तिला समजावून सांगणार. घरच्या कारभारात मूल वडील झाले आणि वडील मूल झाले. ज्या बापाने मुलाला बोट धरून चालविले, त्याला आता मुलाचे बोट धरून कचेरीत जावे लागे. यातून मुले लवकर जबाबदार झाली, हे खरे. पण बापाच्या मनाला काय लागत असेल, त्याची कल्पना मुलांना पुष्कळ वर्षांनी आली.

भाषेची दुसरीही एक गोष्ट आहे. कोरियन भाषेत वडिलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदे बदलतात. आपण ‘तू ये’ आणि ‘आपण यावे’ असा भेद करतो, त्याहून तो भेद पुष्कळच बारीक आहे. वयाने मोठ्या माणसाला नावाने हाक मारीत नाहीत, नात्याने मारतात. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना शब्द येत, हे बारकावे येत नसत. मग आजोबांशी बोलताना चूक होईल, या भीतीने नातू बोलणेच टाळू लागला. शनिवारी देवळाच्या इमारतीत कोरियन भाषेच्या शाळा भरू लागल्या. मुले कुरकुरत जात. मला शाळा चालविण्याचा अनुभव आहे, म्हणून सांगतो, सुटीच्या दिवशी भरणाऱ्या शाळेत मूल हसत जाईल, अशी अपेक्षा कोणीच करू नये.

अशा रीतीने वीस-पंचवीस वर्षांत संसार उभे राहिले. मग १९९२ साल उजाडले. लॉस एंजलिसच्या दक्षिण भागात निग्रो म्हणून ज्यांना पूर्वी हिणवीत, त्या कृष्णवर्णीय लोकांची गरीब वस्ती होती. तेथे दुकानाला जागा स्वस्त मिळत असे, म्हणून अनेक कोरियन कुटुंबांनी तेथे दुकाने थाटली होती. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची भाषा वेगळी, रीतिभाती वेगळ्या, आणि दोघांनाही एकमेकांच्या दुःखाची ओळख नाही. १९९१ च्या मार्च महिन्यात एका कोरियन दुकानदार बाईने संत्र्याच्या रसाच्या एका बाटलीवरून झालेल्या झटापटीत पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला गोळी घातली. मुलगी मरण पावली आणि बाईला तुरुंगवास झाला नाही. हा अन्याय लोकांच्या मनात धुमसत होता. पुढे एका कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारणारे पोलीस २९ एप्रिल १९९२ रोजी न्यायालयातून सुटले आणि त्याच सायंकाळी शहर पेटले. या दंगलीत पन्नासांहून अधिक माणसे मेली. दोन हजारांवर कोरियन दुकाने लुटली वा जाळली गेली आणि त्यांचे सुमारे ४० कोटी डॉलरांचे नुकसान झाले. पोलिसांना टेलिफोनवर टेलिफोन केले, पण या भागात कोणी फिरकले नाही. दुकानदार स्वतःच छपरावर पहारा देत बसले. कोरियन भाषेत त्या तारखेला ‘सा-ई-गु’, म्हणजे चार-दोन-नऊ, असे म्हणतात. नुसते हे तीन आकडे उच्चारले, की तेथील कोरियन माणसाला सारे आठवते.

तीनच दिवसांनी, २ मे रोजी, कोरियाटाउनमधून हजारो लोकांची शांततेची मिरवणूक निघाली. कोरियन तरुण तीत मोठ्या संख्येने होते आणि इतर वर्णांचे लोकही होते. त्या दिवसांत वस्तीला एक गोष्ट कळून चुकली. आपण दुकाने उभारली, शाळांत पहिले नंबर मिळविले, पण या शहराच्या कारभारात आपला शब्द कोणी ऐकत नाही. मतदारयाद्यांत नावे नोंदविण्याची मोहीम निघाली. इंग्रजी उत्तम येणारी मुले वकिली व लोकसेवा यांकडे वळली. २०२४ साली न्यू जर्सी राज्यातून कोरियन आईबापांच्या पोटी जन्मलेले अँडी किम अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. अशा कुळातील ते पहिलेच सिनेटर होत.

या सर्व हिशेबात एक अडचण आहे. वहीत दोन रकाने आखून एका बाजूस ‘मिळाले’ आणि दुसऱ्या बाजूस ‘गेले’ असे लिहावे, तर दोन्ही रकाने एकाच माणसाचे नसतात. पदवी गेली ती बापाची. पदवी मिळाली ती मुलाची. भाषा गेली ती नातवाची, आणि तिच्यावाचून ओसरीवर एकट्या बसल्या त्या आजीबाई. बापाला विचारले, तर तो मुलांकडे बोट दाखवून ‘सारे फिटले’ असे म्हणेल. आजीला तो प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही.

शिवाय तराजूही एका जागी स्थिर राहत नाही. १९८७ च्या सुमारास अमेरिकेस जाणाऱ्या कोरियन लोकांची संख्या सर्वांत मोठी होती. त्यानंतर ती उतरत गेली. कारण कोरिया स्वतःच बदलला. तेथे लोकशाही आली, कारखाने वाढले, आणि १९८९ पासून सर्व नागरिकांना आरोग्यविम्याचा लाभ मिळू लागला. आज दुकानाच्या गल्ल्यामागे सोळा तास उभे राहण्यासाठी समुद्र ओलांडावा, असे तेथील पदवीधराला सहसा वाटत नाही. तरीही जाणारे जातात, आणि त्यांतील पुष्कळांचे कारण आहे परीक्षा! कोरियात कॉलेजच्या प्रवेशासाठी नोव्हेंबर महिन्यात एक देशव्यापी परीक्षा होते. त्या दिवशी इंग्रजीचा ऐकण्याचा भाग चालू असताना आवाज होऊ नये म्हणून विमानांची उड्डाणे थांबवितात. एवढ्या दडपणाखाली आपले मूल वाढू नये, असे ज्या आईबापांना वाटते, ती आई मुलांना घेऊन परदेशी जाते आणि बाप मायदेशी एकटा राहून पैसे पाठवितो. अशा बापाला कोरियन भाषेत ‘रानहंस बाबा’ या अर्थाचा शब्द आहे. तेथे लग्नात रानहंसाची लाकडी मूर्ती ठेवतात. कारण तो पक्षी जोडीदाराशी एकनिष्ठ समजला जातो, आणि दूरदूर उडत जातो. हा बाबाही वर्षातून एकदोनदा विमानाने उडत जाऊन मुलांना भेटतो. कोकणातील चाकरमान्यांची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे जगणे अगदीच अनोळखी वाटणार नाही. येथे बाप मुंबईला जाई व मुले गावी राहत, तेथे मुले जातात व बाप मागे राहतो, एवढाच फरक.

उलट दिशेने येणारेही आहेत. तरुणपणी गेलेले, आता केस पिकलेले काहीजण कोरियात परत येऊन राहतात. परदेशाचे नागरिकत्व घेतले, की कोरियाचे सुटते, असा तेथील सर्वसाधारण नियम आहे. परंतु २०११ पासून, पासष्ट वर्षांवरील माणूस कायमचा राहावयास परत आला, तर त्याला दोन्ही देशांचे नागरिकत्व ठेवता येते. अशा मंडळींना सोल शहरात आपली जुनी गल्ली सापडत नाही. तेथे वीस मजल्यांच्या इमारती झाल्या आहेत. त्यांची कोरियन बोली चाळीस वर्षांपूर्वीची, म्हणून दुकानातील पोरे गालातल्या गालात हसतात. मुले व नातवंडे अमेरिकेत. सणाच्या दिवशी ती टेलिफोनच्या पडद्यावर दिसतात आणि आजोबांना कमरेत वाकून नमस्कार करतात. क्रियापद चुकते, पण आजोबा आता ते दुरुस्त करीत नाहीत.

स्वाध्याय

१. हवाई बेटांवरील मजुरांच्या गळ्यातील बिल्ल्याचे वर्णन लेखकाने कशासाठी केले असावे?
२. हेमेट येथील घटनेत भरपाई नाकारण्याचा निर्णय तुम्हांस योग्य वाटतो काय? कारणे द्या.
३. ‘घरच्या कारभारात मूल वडील झाले आणि वडील मूल झाले’, हे वाक्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातून किंवा घरातून दूर राहावयास गेलेल्या एखाद्या वडिलधाऱ्या व्यक्तीला भेटा अथवा पत्र लिहा. तेथे गेल्याने त्यांना काय मिळाले व काय गेले, ते विचारून दहा-बारा ओळी लिहा.